वरातीच्या रेकॉर्डी

माझं लग्न एका शब्दानं मोडलं, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. ते खरं नाही. एका शब्दानं ते ठरणार होतं. मोडलं ते त्या शब्दापुढे मी जे आणखी चार शब्द बोलले त्यांनी. शब्द होता ‘दुसरा’. तो मला बाबांनी आठवडाभर घोकवून घेतला होता. सकाळी विहिरीवर जाताना, दुपारी ज्वारी पाखडताना, संध्याकाळी प्रार्थनेनंतर सगळ्यांनी आमेन म्हटल्यावर बाबा हळूच विचारायचे, “कोणता?” आणि मी म्हणायची, “दुसरा.” आमची शेळीसुद्धा तो शब्द शिकली असती. मी मात्र ऐन वेळी घाण केली.

पुणतांबा स्टेशनापासून टांग्यानं तासाभरावर आमचं गाव. तिथं मिशनची शाळा होती, आणि शाळेच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाबा सहा दिवस मास्तर आणि सातव्या दिवशी उपदेशक. शाळेच्या पडवीत रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. सोमवार ते शनिवार तो शाळेचा टोल असायचा, आणि रविवारी त्याच रुळावर त्याच हातोडीनं बाबा असा काही नाजूक ठोका मारायचे की जणू लोखंडाचाही बाप्तिस्मा झाला आहे. आई पहाटे जात्यावर बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण येशूचं सगळं चरित्र तिच्या ओव्यांत होतं: पहिल्या पायलीला गाईचा गोठा, मधल्या पायलीला आंधळे-पांगळे, आणि पीठ संपता संपता वधस्तंभ. दळण कमी असेल त्या दिवशी येशूचे काही चमत्कार राहून जायचे, पण क्रम कधी चुकायचा नाही. बाबांना या ओव्यांची थोडी लाज वाटायची. नगरहून कुणी पाळक मुक्कामाला आले, की ते आदल्या दिवशीच दळण गिरणीवर पाठवायचे.

घरात लग्नाच्या दोन मुली होत्या. मी, आणि माझ्या थोरल्या चुलत्यांची मार्था. तिचे आईबाप एकाच साथीत गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे होती. आम्ही एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात एका बाकावर बसलो. बाबा सगळ्यांना सांगायचे की मला दोन मुली आहेत, आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा भरून यायचा. त्या वर्षी, लढाई नुकतीच संपली होती आणि साखर अजून रेशनवर होती, तेव्हा या दोन मुलींना दोन स्थळं चालून आली. एक नगरचं: तरुण, देखणा, बी.ए., बंगलीवजा घर. दुसरं अकोल्याच्या डोंगरातलं: मिशनचे एक प्रचारक, बायको गेलेली, दोन लहान मुलं, आणि पाऊस लागला की चार महिने वाट बंद. कोणतं स्थळ कुणाला, यावर आमच्या घरी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. ते जणू पंचांगात छापून आलं होतं. नगर मला, अकोले मार्थाला. बाबा मार्थाजवळ अकोल्याचं कौतुक करायचे. तांदूळ म्हणजे काय तांदूळ! भंडारदऱ्याची हवा म्हणजे साहेबलोक पैसे मोजून खातात ती! मार्था ऐकून घ्यायची आणि चुलीत लाकूड सारायची.

नगरच्या स्थळाचं नाव थिओफिल. आईच्या तोंडात ते बसेना. दोन दिवस तिनं खटपट केली आणि मग आपल्या माहेरच्या शेतातल्या अवजारावर येऊन थांबली. “तिफन कवा येनार हाय, मास्तर?” बाबा कपाळाला हात लावायचे. “तिफण नाही गं, थिओफिल. ग्रीक नाव आहे. देवाचा प्रिय.” आई म्हणायची, “आसंल. तिफन बी शेतकऱ्याला परियच आसती.”

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा दोन जाती होत्या. एक बाजाच्या पेटीवर गाणाऱ्यांची आणि एक पियानोवर गाणाऱ्यांची. एका पंगतीत जेवायचे, पण एका सुरात गायचे नाहीत. थिओफिलराव तर दोहोंच्याही वर, रेकॉर्डवाले होते. लढाईआधी विलायतेला परत गेलेल्या कुणा डॉक्टरसाहेबांनी जाता जाता आपला चावीचा ग्रामोफोन आणि एका मोठ्या गायनाचे दोन संच तिथल्या देवळाला देऊन टाकले होते. दोनेकशे वर्षांपूर्वीचं, पुष्कळ माणसांनी मिळून गायचं, येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचं, शब्द सगळे शास्त्रातले. गायन एकच, पण गाणारी मंडळी वेगवेगळी, म्हणून दोन संच. यातला नाताळच्या उपासनेला कोणता लावायचा हे ठरवायचं काम पंचांनी थिओफिलरावांवर सोपवलं, आणि त्यांनी ते फार मनावर घेतलं. इतकं की मुलगी बघायला जातानाही ते ग्रामोफोन आणि दोन्ही संच बरोबर नेत. दोन्ही ऐकवत आणि विचारत, “कोणता?” त्याआधी तीन मुलींनी “दोन्ही छान” म्हटलं होतं. तिघीही नापास झाल्या होत्या. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. लोकांना त्यात मोठी सुधारणा दिसायची. मला आता वाटतं, पोळी लाटून दाखव म्हणणारा परवडला. निदान पोळी गोल आहे की नाही हे त्याला कळतं.

खरं उत्तर बाबांनी नगरच्या एका मास्तरमित्राकडून काढून आणलं. थिओफिलरावांना दुसरा संच पसंत होता. कारणही होतं, पण ते मित्राला नीट सांगता आलं नाही. त्यात जन्म-मरणाचं काहीतरी खोल आहे, एवढंच तो म्हणाला. या गायनप्रकाराला काय म्हणतात तेही बाबांनी घरी येऊन सगळ्यांना पाठ करायला लावलं: ओरातोरिओ. आईनं दोनदा म्हणून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. “वरात! मंग वरातीच्या रेकॉर्डी घिऊनच येतोय म्हना की. लगीन ठरल्यातच जमा हाय.” हे तिनं विहिरीवर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरांचा जावई विलायती वरात घेऊन येतोय.

त्यामुळे थिओफिलराव आले तेव्हा शाळेसमोर निम्मं गाव जमलं होतं. त्यांच्याबरोबर त्यांची आत्या होती, आणि ट्रंकेच्या वजनानं वैतागलेला टांगेवाला. मला पाहून ते आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं “सलाम” म्हणाले, तेही इंग्रजी बोलल्यासारखं. दिसायला ते खरंच चांगले होते. हे मी आज या वयात लपवून काय करू? सडपातळ, गोरे, चष्म्याआड मोठे डोळे. मला ते लग्न हवं होतं. नगर हवं होतं, बंगलीच्या खिडक्यांना काचा असतात म्हणतात त्या हव्या होत्या, आणि अकोल्याचं मार्थाचं आहे तर माझं नगरच असणार याबद्दल माझ्या मनात शंकाही नव्हती. आईनं कोंबडी कापली होती, येसर घालून रस्सा केला होता, रेशनच्या साखरेचा शेवटचा डबा शेवयांच्या खिरीत रिकामा केला होता. पाहुणे जेवले. आत्याबाईंनी रस्सा दोनदा घेतला आणि तिखट असल्याची तक्रार तीनदा केली. मग शाळेच्या वर्गात टेबलावर ग्रामोफोन मांडला गेला. गावातले लोक पोरांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसले. पाटील पुढे खुर्चीत.

इथं बाबांनी एक चूक केली. माझं इंग्रजी दाखवायची ही संधी सोडावी असं त्यांना वाटलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, “गायन आंग्ल भाषेत आहे. आमची एस्तेर प्रत्येक बाजू झाली की त्याचा मराठीत अर्थ सांगेल.”

पहिल्या संचात हजार-दोन हजार माणसं एखाद्या प्रचंड मंडपात गात असावीत. लाट यायची, शब्द त्यात बुडायचे, लाट जायची. पाटलांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते की झोपले होते हे सांगणं अवघड होतं. मला जेवढे शब्द लागले तेवढे मी सांगितले. थिओफिलराव मान हलवत म्हणाले, “नुसता गोंगाट. बैलबाजार.” बैलबाजार या शब्दाला पाटलांनी डोळे उघडले.

मग दुसरा संच. आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर होता. पंचवीस-तीसच गळे, स्वच्छ, हलके, एकामागून एक धावत येणारे. थिओफिलरावांनी संचाच्या मधलीच एक तबकडी काढली होती. एक बाई एकटीच गायली, मग सगळे मिळून. सुई शेवटाला खरखरली तेव्हा माझ्या अंगावर काटा होता. मी लोकांना सांगितलं, “रात्री मेंढपाळ कळप राखत होते, त्यांना देवदूत दिसला. तो म्हणाला, भिऊ नका, बाळ जन्मलंय.” माना डोलल्या. आईनं पदर नीट केला. बाळ जन्मल्याचं ऐकलं की ती नेहमी पदर नीट करायची.

थिओफिलरावांनी तबकडी उलटली. चावी दिली. गळे पुन्हा धावत आले, आणि मी एकेक शब्द पकडत राहिले. सुई खरखरली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, “कबर... कबर रिकामी आहे. तो मेलेल्यांतून उठला आहे.”

“आं?” आई म्हणाली. “मेलं कवा?”

कुणीतरी हसलं. आई हसत नव्हती. ती कळवळून विचारत होती. “आगं आत्ता तर जलमलं. मेंढकं अजून गोठ्याकडं पोचली बी न्हाईत.”

पाटील म्हणाले, “रेकॉर्ड उलटी लावली काय वो?”

थिओफिलराव हसले. या प्रश्नाची त्यांना सवय असावी, नाहीतर ते त्याची वाटच पाहत असावेत. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. “हेच तर या संचाचं वैशिष्ट्य आहे, पाटील. पहिल्या संचात बालबोध क्रम आहे. जन्म, मग मरण, मग उत्थान, रोजच्या दळणासारखं. या मंडळींनी काळच मोडून टाकला आहे. जन्म आणि मृत्यू या एकाच तबकडीच्या दोन बाजू आहेत! यावर मी नगरला दोन व्याख्यानं दिली आहेत.”

‘एकाच तबकडीच्या दोन बाजू’ हे वाक्य भारी होतं, यात वाद नाही. बाबा तर “वा!” म्हणाले. आणि थिओफिलराव माझ्याकडे वळून, इतक्या मऊ आवाजात की माझ्याशी तसं आधी कुणी बोललं नव्हतं, म्हणाले, “मग, एस्तेरबाई? कोणता?”

तबकडी त्यांच्या हातात होती. मधल्या कागदावर एका बाजूला पाच आकडा होता. त्यांनी ती फिरवली तेव्हा मागे सोळा दिसला. टेबलावर सहाची पडली होती, जरा तिरकी, आणि तिच्या पाठीवर पंधरा. ट्रंकेतून काढताना बाकीच्याही मी पाहिल्या होत्या: एकाच्या पाठीवर वीस, दोनाच्या पाठीवर एकोणीस. मी रोज भाकरी करणारी मुलगी. चवड कशी रचतात आणि कशी उलटी करतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. सगळ्या तबकड्यांची वरची बाजू आधी वाजवायची. मग सगळी चवड एकदम उलटी करायची. दहाच्या पाठीवर अकरा येतो, आणि गोष्ट सरळ पुढे जाते. विलायतेत तबकड्या आपोआप एकीवर एक टाकणारी यंत्रं आहेत आणि हा संच त्यांच्यासाठी होता, हे मला पुष्कळ वर्षांनी पुण्यातल्या एका दुकानदारानं सांगितलं. त्या दिवशी यंत्राचं मला काही ठाऊक नव्हतं. पण पाचनंतर सहा येतात, हे ठाऊक होतं.

मी म्हटलं, “दुसरा.” बाबांनी श्वास सोडला. तिथं थांबले असते तर आज मी हे प्रकरण काचांच्या खिडकीजवळ बसून लिहीत असते. पण मला तो संच खरोखरच आवडला होता, हीच तर अडचण झाली. नुसतंच उत्तर द्यायचं असतं तर देऊन मोकळी झाले असते. मी म्हटलं, “पण तो ओळीनं लावला तर.”

“ओळीनं म्हणजे?”

“हे आकडे बघा ना. पाच, मग सहा. तुम्ही पाचावर सोळा लावलात.”

“ते कारखान्याचे आकडे आहेत.” आवाज आता मऊ नव्हता.

“कारखान्याचे असते तर एकपासून वीसपर्यंत बरोबर कसे आले असते?”

पाटील मोठ्यानं हसले, आणि मग मास्तरांच्या घरचं कार्य आहे हे आठवून खोकू लागले. आई माझ्याकडे अभिमानानं पाहत होती. तिला एवढंच कळलं होतं की बाळ आता एवढ्यात मरणार नाही. बाबांचा चेहरा मी पाहिला नाही. थिओफिलरावांचा पाहिला. तो माणूस रागावला नव्हता, त्याहून वाईट झालं होतं. त्याला पटलं होतं. एक क्षणभर त्याच्या डोळ्यांत ते स्वच्छ दिसलं, आणि मग त्यानं चष्मा घातला.

आत्याबाईंनी चहा मागवला. मार्था आतून किटली आणि कप घेऊन आली. टेबलावर जागा करायला तिनं तबकड्या एकेक करून बाजूला ठेवल्या. थिओफिलराव तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “यांनाही विचारू. तुम्ही ऐकत होतात ना? तुम्हाला कोणता आवडला?”

मार्थानं कप भरला, बशीत सांडलेला चहा पुसला आणि मान खाली घालून म्हणाली, “दुसरा. त्यात जन्म-मरण जवळजवळ आहे म्हणून.”

तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. आठ दिवसांत पाळकांमार्फत निरोप आला की थोरल्या भावाची मुलगी पसंत आहे. हुंडा नको, शिक्षण पुढे चालू ठेवू. बाबा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. आई बोलायची, पण भाकरी थापता थापता मध्येच हसायची आणि मग तिचे डोळे भरायचे. “गप बसायचं हुतंस गं. मेलं तर मेलं आसतं. तिसऱ्या दिवशी उठतंयच की ते!” शास्त्राचं इतकं व्यवहारी भाष्य मी पुढे कुठल्याही प्रवचनात ऐकलं नाही. लग्नात गावच्या लोकांनी वरातीच्या रेकॉर्डींचा आग्रह धरला, आणि थिओफिलरावांनी लावल्या. नवरानवरी टांग्यात चढत असताना बाळ जन्मलं, आणि वेशीपाशी पोचेतो कबर रिकामी झाली. त्या नाताळला नगरच्या मोठ्या देवळातही दुसराच संच लागला, त्यांच्याच क्रमानं. पाचशे माणसं लहानपणापासून शास्त्र पाठ केलेली, आणि एकानंही भुवई उचलली नाही. पाळकांनी उलट ‘एका तबकडीच्या दोन बाजू’ यावर उपदेश केला.

आता उरलं होतं अकोले, आणि उरले होते मी. प्रचारकांचा निरोप आला की मार्था नाही तर धाकटी चालेल. मी बॅग भरायच्या तयारीत होते. चूक केली तर फळ भोगावं, असं बोर्डिंगात शिकवलं होतं. पण बाबा संतापून उठले. “त्या डोंगरात? चार महिने वाट बंद, दोन पोरांचं करायचं, आजारी पडली तर डॉक्टर नाही! माझी पोर मी दरीत ढकलायची? लग्न नाही झालं तर नाही झालं, शिकेल!” आणि त्यांनी मला ट्रेनिंग कॉलेजला घातलं. मी मास्तरीण झाले, चाळीस वर्षं पोरींना शिकवलं, लग्न केलं नाही. नात्यात मला अजून ‘आकडेवाली’ म्हणतात. बाबांच्या त्या दिवसाच्या रागाची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, आणि दर वेळी त्यांच्या प्रेमाचे गोडवे गायले आहेत. अकोल्याची हवा इतक्या झटक्यात कशी बिघडली, हे मात्र कधी मनात आलं नाही.

थिओफिलराव गेल्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या नाताळात मी मार्थाकडे नगरला होते. दोन म्हाताऱ्या, काचांच्या खिडकीशी, गुडघ्यांवर एकच शाल. तिच्या नातवानं मोबाईलवर तेच गायन लावून दिलं आणि तो बाहेर गेला. देवदूत आला, बाळ जन्मलं, आणि पुढेही तेच चालू राहिलं. मेंढपाळ निघाले, गोठ्यापाशी पोचले. मार्था अस्वस्थ झाली. म्हणाली, “चुकल्यासारखं वाटतं गं. इथं कबर यायची.”

मला हसू आलं. इतक्या वर्षांत कधी न काढलेला विषय मी काढला. म्हटलं, “आता तरी पटलं का, त्या दिवशी माझं बरोबर होतं ते?”

“पटायचं काय त्यात? मला तवाच कळलं हुतं.” नगरात साठ वर्षं शुद्ध बोललेली मार्था अचानक आमच्या आईच्या बोलीत बोलत होती. “चहा ठिवताना तबकड्या म्याच बाजूला केल्या न्हाईत का? आकडे मला बी दिसले.”

“मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं, त्या माणसाबरोबर, चुकीचं ऐकत राहिलीस?”

तिनं शाल माझ्या गुडघ्यावर सारखी केली.

“तुला बाप हुता, एस्तू,” ती म्हणाली. “मला अकोलं हुतं.”